धातुशोधक गप्प आहे, म्हणजे काय?

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका शाळेत शिक्षकांचे विज्ञान शिबिर होते. विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा विषय घ्यायचा, म्हणून मी प्रयोगशाळेतला एक धातुशोधक, म्हणजे मेटल डिटेक्टर, सोबत नेला होता. दुपारच्या जेवणानंतर एका बाईंच्या लक्षात आले, की कानातले सोन्याचे एक फूल जागेवर नाही. फिरकी सैल झाली असावी. सकाळचा खेळ मैदानावर झाला होता, तेव्हा फूल तिथेच पडले असणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. "सर, यंत्र आहेच की!"

मैदान जांभ्याचे होते. यंत्र सुरू करून जमिनीजवळ नेले, तर ते जिकडेतिकडे ओरडू लागले. मी त्याची संवेदनक्षमता कमी केली. मग ते गप्प झाले आणि सबंध मैदान पालथे घातले तरी गप्पच राहिले. "म्हणजे फूल मैदानात नाही," असा निष्कर्ष कोणीतरी काढला. अर्ध्या तासाने आठवीतल्या एका मुलीला ते फूल नळाजवळच्या गवतात सापडले. त्या जागेवरून मी यंत्र दोनदा फिरवले होते.

यंत्र बिघडलेले नव्हते. खोलवरच्या मोठ्या वस्तू शोधायचे रुंद वेटोळे आणि कमी वारंवारता घेऊन मी वरवर पडलेली, इवलीशी वस्तू शोधत होतो, आणि तेही जांभ्यावर. धातुशोधकाचे वेटोळे कसे निवडावे, त्याची वारंवारता किती असावी, हे प्रश्न दिसायला तांत्रिक आहेत. पण यंत्राच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांवरच ठरतो.

यंत्र काय करते?

नेहमीच्या धातुशोधकात दोन वेटोळी असतात. एकातून प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह, सोडला जातो. त्यामुळे आसपास बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की फॅरेडेच्या नियमानुसार तिच्यात गोल फिरणारे प्रवाह निर्माण होतात. त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. भोवरा प्रवाहांचे स्वतःचेही चुंबकीय क्षेत्र असते आणि ते दुसऱ्या, म्हणजे ऐकणाऱ्या वेटोळ्यापर्यंत पोचते.

अडचण अशी, की पहिल्या वेटोळ्याचे क्षेत्र वस्तूच्या क्षेत्रापेक्षा प्रचंड मोठे असते. ढोल वाजत असताना शेजारी कोणी कुजबुजावे, तशी ही गत. म्हणून दोन्ही वेटोळी अशा रीतीने बसवतात, की पहिल्याच्या क्षेत्राचा दुसऱ्यावरचा एकूण परिणाम शून्य व्हावा. याला तोल साधणे म्हणू. तोल साधला, की ढोल ऐकूच येत नाही. कुजबुज तेवढी उरते.

हा तोल साधण्याच्या दोन रीती फार प्रचलित आहेत. एकीत लहान वेटोळे मोठ्याच्या मधोमध ठेवतात. अशा यंत्राचा संवेदनशील भाग जमिनीत उलट्या शंकूसारखा असतो. वर रुंद आणि खाली निमुळता. वस्तू नेमकी कुठे आहे ते त्याने चांगले कळते, पण मातीचा उपद्रवही जास्त होतो. दुसऱ्या रीतीत इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी सरळ बाजूंनी एकमेकांवर थोडी चढवतात. तिथे संवेदनशील भाग मधल्या पट्टीखाली, सुरीच्या पात्यासारखा उभा उतरतो. एका वेळी कमी माती 'दिसते', म्हणून खनिजयुक्त जमिनीत ही रचना बरी पडते.

मोठे वेटोळे की लहान?

मोठे वेटोळे घेतले की जास्त खोलवरचे सापडणार, असे सहज वाटते. गणित काय म्हणते ते पाहू.

वर्तुळाकार वेटोळ्याच्या अक्षावरचे चुंबकीय क्षेत्र बारावीच्या पुस्तकात असते. वेढे आणि प्रवाह तेच ठेवले, तर हे क्षेत्र पुढील अपूर्णांकाच्या प्रमाणात असते: अंशस्थानी त्रिज्येचा वर्ग, आणि छेदस्थानी त्रिज्या व खोली यांच्या वर्गांच्या बेरजेचा दीडावा घात.

समजा, आपल्याकडे ५ सेंटिमीटर आणि १५ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वेटोळी आहेत. वस्तू २ सेंटिमीटर खोल असेल, तर लहान वेटोळ्याचे उत्तर ०.१६० येते आणि मोठ्याचे ०.०६५. लहान वेटोळे सुमारे अडीच पट सरस. आता वस्तू २० सेंटिमीटर खोल न्या. लहानाचे उत्तर ०.००२९ आणि मोठ्याचे ०.०१४४. आता मोठे पाच पट सरस!

शिवाय हा प्रवास जाऊन येऊन आहे. वस्तूपर्यंत क्षेत्र जितके क्षीण होते, त्याच प्रमाणात परत येताना तिचा संदेशही क्षीण होतो. म्हणून वरचे आकडे वर्ग करून पाहायला हवेत. वरवरच्या वस्तूसाठी लहान वेटोळे सहा पट चांगले, खोलवरच्या वस्तूसाठी मोठे पंचवीस पट चांगले. एखाद्या ठरावीक खोलीवर सर्वांत जास्त क्षेत्र देणाऱ्या वेटोळ्याची त्रिज्या त्या खोलीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे वर्गमूळ २ पट असते. कलन शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे सिद्ध करायला द्यावे.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच दूर असेल, तर क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. जाऊन येऊन झाला सहावा घात. खोली दुप्पट केली की संदेश चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणून 'हे यंत्र पाच मीटर खोलवरचे नाणे दाखवते' अशी जाहिरात कोणी केली, तर मुलांना हा सहावा घात आठवावा.

मोठ्या वेटोळ्याचा तोटा एवढाच नाही. ते एका वेळी जास्त माती पाहते, त्यामुळे मातीचा गोंगाटही जास्त ऐकते. नाण्याशेजारी खिळा पडला असेल, तर दोघांचा संदेश एकात मिसळतो. मैदानावर माझ्या हातात असे मोठे वेटोळे होते आणि फूल तर गवतात, अगदी वर पडले होते.

वारंवारता किती?

लहान वाटीतला चहा लवकर निवतो, पातेल्यातला उशिरा. भोवरा प्रवाहांचेही असेच आहे. बाहेरचे क्षेत्र अचानक बंद केले, तरी धातूतला भोवरा लगेच थांबत नाही. धातूच्या रोधामुळे तो हळूहळू विझतो. वस्तू जितकी मोठी आणि जितकी चांगली वाहक, तितका तो जास्त टिकतो. घन गोळ्यासाठी हा काळ वाहकता आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. २ सेंटिमीटर व्यासाच्या तांब्याच्या गोळ्यात भोवरा सुमारे ०.७ मिलिसेकंद टिकतो. १ मिलिमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणात तो दीड मायक्रोसेकंदाच्या आतच विझतो.

प्रत्येक वस्तूला या काळाशी जुळणारी एक वारंवारता असते. तांब्याच्या त्या गोळ्यासाठी ती सुमारे २०० हर्ट्झ येते आणि सोन्याच्या कणासाठी सुमारे ११० किलोहर्ट्झ. वारंवारता याच्या बरीच खाली असेल, तर क्षेत्र इतक्या सावकाश बदलते, की वस्तूत भोवरा नीट उठतच नाही. ती बरीच वर असेल, तर भोवरा पूर्ण जोरात असतो. वारंवारता आणखी वाढवून विशेष काही मिळत नाही.

म्हणूनच नदीच्या वाळूतले आणि डोंगरउतारावरचे सोन्याचे बारीक कण शोधायची यंत्रे साधारणपणे ४० ते ७० किलोहर्ट्झवर चालतात. नाण्यांसाठी ५ ते १५ किलोहर्ट्झ पुरतात, आणि जाड, खोलवरच्या चांदी-तांब्यासाठी त्याहूनही कमी चालते.

मग सर्वांसाठी १०० किलोहर्ट्झ का घेऊ नयेत? कारण वारंवारतेबरोबर वेटोळ्याचा स्वतःचा विरोधही वाढतो आणि त्याच बॅटरीवर त्यातून कमी प्रवाह वाहतो. क्षेत्र क्षीण होते आणि खोलवरची वस्तू हातची जाते. दुसरे कारण ओळखीचे आहे. वस्तूचा संदेश मूळ क्षेत्राच्या किती मागे पडतो, यावरून यंत्र पातळ पत्रा आणि जाड नाणे यांत फरक करते. फार वरच्या वारंवारतेला सगळ्याच वस्तू पूर्ण जोरात बोलू लागतात आणि हा फरक पुसट होतो. तिसरे कारण जमिनीचे. त्याकडे आपण लवकरच येऊ.

काही धातुशोधक अखंड प्रवाहाऐवजी थोडा वेळच टिकणारे स्पंद सोडतात आणि स्पंद थांबल्यावर विझत जाणारा भोवरा ऐकतात. पण स्पंद थांबल्यावर वेटोळे स्वतः शांत व्हायलाही काही मायक्रोसेकंद लागतात. दीड मायक्रोसेकंदात विझणारा कण तोवर बोलून गप्प झालेला असतो.

सोनसाखळीची गंमत तर वेगळीच आहे. वजनदार साखळी अंगठीपेक्षा सहज सापडावी, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बारीक कड्यांची साखळी सापडणे फार अवघड असते. कडी एकमेकींना जेमतेम टेकलेली असतात, त्यामुळे प्रवाहाला संपूर्ण साखळीभर नीट फिरता येत नाही. यंत्राच्या दृष्टीने ती एक मोठी वस्तू नसून शेकडो इवल्या वस्तूंची रांग असते. अंगठी मात्र एकसंध असते, आणि भोवऱ्याला याहून सोयीचा मार्ग कोणता?

जमीनही बोलते

आपल्याकडची काळी माती बेसॉल्टपासून झालेली आहे आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. मॅग्नेटाइटचे कण क्षेत्राबरोबर लगेच चुंबकित होतात, अजिबात मागे पडत नाहीत. हा 'मागे न पडणारा' भाग वजा करायची सोय बहुतेक चांगल्या यंत्रांत असते. तिला भूमितोल म्हणू.

जांभा जास्त खोडकर आहे. त्यात मॅघेमाइटसारख्या लोहखनिजांचे अतिशय सूक्ष्म कण असू शकतात. यांतले काही लगेच चुंबकित होतात, काही उशिरा. त्यामुळे मातीचा संदेशही धातूसारखा मागे पडतो आणि यंत्र फसते. विस्तवाने तापलेल्या मातीतही असे कण तयार होतात. जुन्या चुलीच्या जागीही धातुशोधक ओरडू शकतो.

समुद्रकिनाऱ्याची तऱ्हा निराळी. समुद्राच्या पाण्यापेक्षा तांबे सुमारे एक कोटी पट चांगले वाहक आहे. पण वेटोळ्याखाली नाणे असते चिमूटभर आणि खारी, ओली वाळू असते घमेलेभर. शिवाय खाऱ्या पाण्यातले प्रवाह वारंवारतेबरोबर वाढतात. म्हणून ओल्या वाळूत कमी वारंवारता किंवा स्पंदांचे यंत्र बरे. पण बारीक सोनसाखळीला तर हवी जास्त वारंवारता! इथे दोन्ही साधत नाही. काहीतरी सोडावे लागते.

थोडी सुटका एका गोष्टीने होते. वारंवारता बदलली, तर मातीतल्या मॅग्नेटाइटचा संदेश जवळजवळ तसाच राहतो. धातूचा मात्र बदलतो. म्हणून काही यंत्रे दोन किंवा अधिक वारंवारता वापरून उत्तरांची तुलना करतात. त्याने अडचण कमी होते, संपत नाही.

बेलची फसगत

जांभ्यावर माझे जे झाले, ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याचेही झाले होते, आणि तिथे प्रश्न एका माणसाच्या प्राणाचा होता. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनमुळे नावारूपाला आलेल्या बेलने डेव्हिड ह्यूजने १८७९ मध्ये मांडलेल्या प्रवर्तन-तोलाच्या कल्पनेवरून गोळी शोधायचे उपकरण बनवले. तोल बिघडला की टेलिफोनच्या श्रवणयंत्रात आवाज येई.

२६ जुलै आणि १ ऑगस्ट अशा दोन वेळा बेलने प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी आवाज आला, पण एका जागी नव्हे. बऱ्याच मोठ्या भागावर अस्पष्ट असा. नंतर कळले, की अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे, अशी डॉक्टरांची खात्री असल्यामुळे शोध मुख्यतः त्याच बाजूला झाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला सापडली. उपकरण खोटे बोलले नव्हते. त्याच्याखाली काय आहे आणि ते कुठे फिरवले गेले नाही, याचा विचार राहून गेला होता.

जिथे चूक परवडत नाही

दुसऱ्या महायुद्धात युसेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने ब्रिटनमध्ये सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ मध्ये अल अलामेनच्या लढाईत वाळवंटातले सुरुंग शोधायला तो उपयोगी पडला. तेव्हाच्या बऱ्याच सुरुंगांची आवरणे धातूची होती. पुढे प्लास्टिकच्या आवरणाचे सुरुंग आले. त्यांत धातू म्हणून स्फोटकाच्या टोपीचा पत्रा किंवा एखादी टाचणीएवढी पिन, इतकेच असते. १९९६ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने माणसांविरुद्धच्या सुरुंगांत निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका संदेश देणारा धातू असावा, असे घालून दिले. पण त्याआधी पुरलेले सुरुंग जमिनीत होतेच.

आता आपले तीन प्रश्न पुन्हा विचारा. वस्तू केवढी? टाचणीएवढी. किती खोल? काही सेंटिमीटर, पण पावसाने माती साचली असेल तर जास्त. जमीन कशी? कंबोडियात अनेक ठिकाणी जांभ्याची. ('लॅटराइट' हे जांभ्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये मलबारमधल्या दगडावरूनच दिले.) तिन्ही उत्तरे यंत्राच्या विरुद्ध जाणारी. आणि यंत्र गप्प राहिले तर शोधणारा पुढचे पाऊल टाकणार. उद्या तिथे शेतकरी नांगर धरणार, मुले खेळणार.

म्हणून सुरुंग काढणारे यंत्राच्या शांततेवर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी ते नमुन्याच्या धातूच्या तुकड्यावर यंत्र तपासतात. नव्या जमिनीत तो नमुना ठरलेल्या खोलीवर त्याच मातीत पुरतात आणि यंत्र तिथे बोलते का ते पाहतात. बोलले नाही, तर वेटोळे किंवा यंत्र बदलतात, किंवा तेवढी खोली आपल्या आवाक्यात नाही हे मान्य करून दुसरी पद्धत घेतात. खोलवर संवेदनशील भाग निमुळता होतो, म्हणून प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवतात. एवढे झाल्यावर ते 'इथे काही नाही' असे म्हणत नाहीत. 'अमुक खोलीपर्यंत, अमुक आकाराचे काही नाही' असे म्हणतात.

वर्गात करून पाहा

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत श्राव्य दोलक, म्हणजे ऑडिओ ऑसिलेटर, आणि ऑसिलोस्कोप असतोच. इनॅमलचा थर असलेल्या तांब्याच्या बारीक तारेची प्रत्येकी शंभर वेढ्यांची, १५ सेंटिमीटर व्यासाची दोन वेटोळी करा. एक दोलकाला जोडा, दुसरे ऑसिलोस्कोपला. दोन्ही लाकडी टेबलावर एकमेकांवर सरकवत न्या. एका ठिकाणी ऑसिलोस्कोपवरची लाट जवळजवळ नाहीशी होईल. हाच तोल. टेबलात खिळे असतील, तर बेलची आठवण काढा आणि जागा बदला.

आता तांब्याच्या तारेचे एक कडे टोके डाख देऊन जोडलेले आणि दुसरे टोके उघडी ठेवलेले, अशी दोन आळीपाळीने वर धरा. धातू तेवढाच, पण लाट एकालाच दाद देईल. मग ॲल्युमिनियमची एक ताटली घ्या आणि तिच्याच आकाराचा, पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम कागदाचा तुकडा कापा. ५०० हर्ट्झवर दोघांमुळे येणाऱ्या लाटांची उंची मोजा आणि त्यांचे गुणोत्तर काढा. मग १० किलोहर्ट्झवर तेच करा. वारंवारता बदलल्यावर तोल पुन्हा पाहायला विसरू नका. पहिल्या वेळी कागद ताटलीच्या पुष्कळ मागे असेल. दुसऱ्या वेळी तो बराच जवळ आलेला दिसेल. कागद तोच, यंत्र तेच. बदलली ती फक्त वारंवारता.

हा प्रयोग करताना मला नेहमी ते मैदान आठवते. लहान वेटोळे आणि जास्त वारंवारतेचे यंत्र त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. पण दुसरी एक गोष्ट तिथे होती आणि ती मला सुचली नाही. बाईंच्या दुसऱ्या कानात तस्सेच फूल होते. ते घटकाभर मागून घेऊन जांभ्यावर ठेवायचे आणि त्यावरून यंत्र फिरवून पाहायचे. ते गप्पच राहिले असते, आणि फूल मैदानात नाही असे म्हणायला कोणी धजले नसते.